पंच क्रमांक दोन

पहाटे पावणेसहा. शटर अर्धं वर होतं
तेवढ्यात हवालदार तरे आले.
चला मोकलशेठ, सही लागेल.
भाऊच्या धक्क्यावर दोरखंडाचं दुकान असलं
की माणूस आपोआप पंच होतो.
आजवर सात वेळा झालोय.

लिहिलं असं:
सदर पांढऱ्या रंगाची भाड्याची मोटार
चुकीच्या बाजूने येऊन
बर्फाच्या हातगाडीस धडकली.
चुकीच्या म्हणजे आपल्या हिशेबाने.
तिच्या देशात तीच बाजू बरोबर.
आख्खा जन्म उजवीकडून गेलेली बाई
पहाटेच्या रिकाम्या वळणावर
हात नेतील तिकडे गेली.

नाव विचारलं. म्हणाली, आयला.
तरेंनी पेन थांबवलं.
"शिवी देते का ओ?"
पासपोर्टावर तेच होतं. आयला कोर्पेला,
वय चौसष्ट, राहणार फिनलंड.
पाट्या घेऊन थांबलेल्या कोळणी खुदकन हसल्या
आणि हसू तिथंच गिळलं,
कारण भुवईतून निघालेलं रक्त
तिच्या ओठापर्यंत पोचलं होतं
आणि ते पुसायचं असतं हे तिला आठवत नव्हतं.

रस्ताभर बर्फ.
बोटींवर चढायला निघालेल्या लाद्या
फुटून गटारापर्यंत गेलेल्या,
कडांना भुसा.
त्यात ती गुडघ्यावर बसलेली,
त्या सगळ्यात ओळखीची वस्तू तिला तेवढीच.

आदल्या दिवशी गाडी घेताना
ती इंग्रजी बोलली असणारच.
आता त्यातलं काही नव्हतं.
शिकलेली भाषा वरच्या खिशात असते,
धडक बसली की आधी तीच सांडते.
उरला होता एकच शब्द,
हणमंताकडे बघत पुन्हा पुन्हा:
आन्तेक्सी. आन्तेक्सी.

"टॅक्सी म्हणते," तरे म्हणाले.
खरं सांगतो, मलाही तसंच ऐकू आलं.
एक पोरगा पळत जाऊन काळी-पिवळी घेऊन आला.
ड्रायव्हर दार उघडून उभा,
मीटर टाकू का, विचारतोय,
आणि ही जागची हलेना.
हणमंताचा सुजलेला घोटा दोन्ही हातांत धरून
त्यावर बर्फाचा खडा दाबत
टॅक्सी टॅक्सी करत राहिली,
दारात टॅक्सी उभी असताना.
वेड लागलं बिचारीला, असं कोणीतरी म्हणालं.
मीच म्हणालो असेन.

पंचनाम्यात आलं:
सदर महिला वारंवार टॅक्सीची मागणी करीत होती.
वाचून दाखविले, बरोबर आहे.
खाली माझी सही.

दिवाळीनंतर कधीतरी जेवताना
मी ही गंमत सांगितली.
मुलीने ताटावरूनच डाव्या हाताने
मोबाइलमध्ये काहीतरी शोधलं,
माझ्याकडून तो शब्द दोनदा म्हणवून घेतला.
"बाबा, टॅक्सी नाही ते.
त्यांच्यात माफ करा असं म्हणतात."
बायकोने आमटी वाढली. मी नको म्हणालो नाही,
हवी होती असंही नाही.

तरेंना सांगितलं.
ते म्हणाले, केस मिटली, भरपाई मिळाली, बाई गेली.
आता कागदावरचा एक शब्द उकरून
कुणाचं भलं होणारे?
तेही खोटं नव्हतं.

हणमंता अजून त्याच गाडीवर आहे,
डावा पाय किंचित ओढतो.
त्याला सांगितलं तर तो माझ्याकडे बघत राहिला,
मीच परदेशातून आलोय असा.
"टॅक्सीसाठी कोण पाय धरतं, शेठ?"

मग म्हणाला,
गाडी आवळायला आठ हात दोर दे, जुना उसवलाय.
मी दहा मोजला.